बैलगाडा मैदान, सोलापूर पट्टा: तिकीट नाही, तरी दिवस वसूल होतो का?

दिवाळी उरकली, रानात ज्वारी गुडघ्याला आली की सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरस या तालुक्यांत मैदानाचे, म्हणजे बैलगाडा शर्यतींचे, फलक झळकायला लागतात. पुढं चैत्रात जत्रा सुरू झाल्या की एकाच रविवारी दोन-तीन गावांत मैदान असतं. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. पण सोलापुरातून निघणाऱ्याला पंढरपूरपर्यंतच सत्तरेक किलोमीटर, पुढं गाव कुठलं त्यावर, आणि वर अख्खा दिवस उन्हात. म्हणून हिशेब दिवसाचा लावायचा.

तो लावला तर निकाल असा: सकाळचे गट (पहिल्या फेरीच्या धावा) आणि दावण (बैल बांधतात ती जागा), पाचपैकी साडेचार. सेमी, तीन. फायनल, दोन, आणि तेही बैलांकडे बघून. फायनलला सगळं माणूस निशाणाच्या, म्हणजे धाव संपते त्या, रेषेवर लोटतं, धुळीत बैलांच्या पाठी दिसतात आणि कोण आलं ते भोंग्यावरून कळतं. तरी निम्मे लोक दुपारी चारला येतात आणि ‘काय दिसलंच नाय’ म्हणत परततात. दिसायचं ते अकराच्या आत दिसून गेलेलं असतं.

नवख्यासाठी एक खुलासा. पुण्याकडचा घाट हा वेगळा खेळ: चार बैल, पुढं घोडी, चढणीची धाव आणि सेकंदावर निकाल. विदर्भातला शंकरपट म्हणजे जोडी आणि घड्याळ. आपल्या आणि सांगली-साताऱ्याच्या बाजूला सपाट माळावर पाच-सात गाड्या एकदम सुटतात. प्रत्येकीला आपली चाकोरी, निशाणाला जी आधी ती गट पास. गट पास झालेल्या सेमीला, सेमीतल्या पहिल्या फायनलला. इथं घड्याळाला कुणी विचारत नाही. शेजारच्या चाकोरीतली जोडी मागं पडली की झालं. त्यामुळं चिठ्ठीत कुठली चाकोरी आली आणि गटात समोर कोण आलं यावर चांगल्या जोडीचाही दिवस पालटतो. गटाची यादी भोंग्यावर वाचतात तेव्हा गप्पा थांबवून ऐका. दिवसातली सगळ्यात चुरशीची धाव बऱ्याचदा साध्या गटातच होते, कारण दोन नावाजलेल्या जोड्या चिठ्ठीनं तिथंच एकमेकींवर पडलेल्या असतात.

मैदान चांगलं की वाईट हे बैल यायच्या आधी जमिनीवर ठरतं. नियमानं धाव १००० मीटरच्या वर नेता येत नाही. आपल्याकडचे पट्टे त्याहून बरेच आखूड असतात. बघायचं ते हे, की जमीन मुरमाड आणि दाबलेली आहे का. काळ्या रानात पट्टा काढला तर दोन्हीकडून मरण. कोरडा ठेवला तर भेगेत खूर अडकतो. टँकरनं जादा पाणी मारलं तर वरचा दोन बोटं थर चिकट होतो आणि बैल सुटतानाच मागच्या पायावर घसरतो. पाणी आदल्या संध्याकाळी मारायचं, धूळ बसेल इतपतच. सकाळी सातला टँकर फिरताना दिसला तर पहिल्या तीन-चार गटांचा निकाल नशिबावर गेला म्हणून समजा, कारण ते पाणी मुरलेलं नसतं. पोचल्या पोचल्या पट्ट्याची एक कड चालून घ्या. पायाखाली अंगठ्याएवढे खडे टोचत असतील तर वेचणीला माणसं लावलेलीच नाहीत, आणि बाकीच्या तयारीचाही अंदाज तिथंच येतो.

दोन चाकोऱ्यांच्या मधला वरंबा हा दुसरा घातकी भाग. छकडी (शर्यतीची दोन चाकी गाडी) हलकी, तिला ब्रेक नाही, आणि ड्रायव्हर वजन मागं टाकून उकिडवा बसलेला. जोडीतला एक बैल दुसऱ्यापेक्षा तेज असला की जू तिरकं होतं आणि गाडी मंद बैलाच्या बाजूला वळत जाते. चाक वरंब्यावर चढलं की छकडी एका चाकावर येते, आणि तिथून पुढं कासऱ्यावर काही चालत नाही. वरंबा उंच आणि टोकदार ठेवला तर गाडी उलटते, अगदी सपाट ठेवला तर शेजारच्या चाकोरीत घुसते आणि दोन जोड्या बाद होतात. वीतभर उंचीचा, माथ्याला चपटा केलेला वरंबा मला सगळ्यात बरा वाटतो. प्रेक्षकानंही हे बघून ठेवावं, कारण उलटलेली छकडी आपल्या कडेला येते.

आता दावण. मैदानाचा खरा ऐवज इथं बांधलेला असतो आणि तो बघायला कुणी ना म्हणत नाही. मालकाला ‘पाव्हणं, बघू का जरा?’ विचारायचं आणि बैलाच्या खांद्याच्या बाजूनं जायचं, मागून नाही. मैदान ‘आदत’ असेल तर सगळा खेळ दातावर असतो. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ बघायचे. एका हातानं वेसणीपाशी नाक वर धरतात, दुसऱ्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढतात. सगळे दुधाचे, बारके, पांढरे असले की आदत. मधले दोन पडून त्या जागी रुंद, पिवळसर, काठाला दातेरी असे दोन आले की दुसा. ते साधारण अडीच वर्षांच्या पुढं. चार दाती साडेतीनच्या आसपास, सहा दाती साडेचारच्या, आणि पाचच्या पुढं जुळलेला. वाद होतो तो हिरडीतून नुकत्याच डोकावणाऱ्या दातावर. ज्या मैदानात दात बघायला एकच माणूस बसवतात आणि त्याचा निर्णय शेवटचा असं आधीच भोंग्यावर सांगतात, तिथं गट वेळेवर सुटतात. जिथं कमिटीतले चौघं चार बाजूंनी ओठ उचलून बघतात तिथं दहाचा गट बाराला सुटतो आणि बैल उन्हात तापतो.

खिलारात पळणारं जनावर कसं ओळखायचं यावर प्रत्येक पारावर वेगळं मत मिळेल. ज्यावर सहसा दुमत नाही तेवढं सांगतो: मान लांब, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) आवळलेली, छाती खोल, पोट वर ओढलेलं, कातडी पातळ इतकी की मानेवर माशी बसली तर थरथर दिसते. खुरांच्या दोन फाळ्यांत फट कमी आणि खूर काळे. वशिंड मोठं म्हणजे बैल भारी हा बाजारातला समज; पळीला त्याचा उपयोग नाही. शिंगं मागं वळून वर गेलेली, तासून रंगवलेली असतात, त्यांच्यावर जाऊ नका, ती दिसायला. आणि मालकाला हमखास विचारा, बैल डावीकडं पळतो का उजवीकडं. एका बाजूला सवय झालेला बैल दुसऱ्या बाजूला जुंपला तर तो आतल्या बैलावर रेटतो, आणि चाकोरी सोडायचं ते एक मोठं कारण आहे.

दावणीवरच आणखी एक गोष्ट बघायची, आणि ती बघितल्याशिवाय या खेळाचं कौतुक करू नये. शेपटीवरून नजर खाली न्या. गोंड्याच्या वर गाठी, वाकलेला सांधा किंवा खरवडलेली जागा दिसली तर शेपूट पिरगाळलेलं, नाहीतर दातानं चावलेलं आहे. मागच्या पुठ्ठ्यावर बारीक, गोल खपल्या असल्या तर पराणीचं टोक. पाठीवर ओळीनं उठलेले वळ म्हणजे चाबूक. हे सगळं नियमात बसत नाही: काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का, काहीही नाही. धावेनंतर बैल परत आला की कोखेकडं (बरगड्यांमागच्या खळगीकडं) बघा. पहिल्या मिनिटाला कोख जोरात हलणारच. सावलीत उभा करून, अंगावर पाणी शिंपडून वीस मिनिटांनीही ती तशीच हलत असेल, तोंडाला फेस आणि जीभ बाहेर असेल, तर त्या बैलाला पुढच्या फेरीत उतरवता कामा नये. दोन धावांमध्ये किमान वीस मिनिटं विश्रांती आणि दिवसात तीनपेक्षा जास्त धावा नाहीत, हे नियम याचसाठी आहेत. गट, सेमी, फायनल मिळून तीनच होतात. कुठं ‘पुन्हा सोडा’ म्हणून गट परत पळवला की चौथी धाव येते, आणि नियम तिथंच मोडतो.

नियमांचं थोडक्यात, कारण अजून बरेच लोक ‘बंदी आहे का नाही?’ विचारतात. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बंदी घातली. महाराष्ट्रानं २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, ती कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर शर्यती सुरू करायला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं दुरुस्ती कायम केली. आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि ५० हजारांची अनामत लागते, बैलांना पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि धावांचं चित्रीकरण करावं लागतं. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. परवानगीचा कागद स्टेजजवळ लावलेला असला तर उत्तम. विचारल्यावर ‘आहे हो सगळं’ एवढंच उत्तर मिळालं तर मी तिथं थांबू नका म्हणेन. परवानगी नसलेल्या मैदानात जनावरांचा डॉक्टर नसतो आणि पट्ट्याला बॅरिकेड नसतं, आणि पोलीस आले की हजार माणसं एकाच पाणंदीतून पळतात.

उभं कुठं राहायचं? सुटतात तिथं. निशाणाला नाही. सुटण्याच्या जागी पंधरा-वीस पावलांवर, बॅरिकेडच्या मागं उभं राहिलं की सगळं उलगडतं. दोन माणसं म्होरकी धरून मागं रेटत असतात, ड्रायव्हर कासरा मुठीत गुंडाळतो, बैलांचे कान एकदम पुढं होतात. झेंडा पडायच्या आधीच एखादी जोडी निसटते आणि अख्खा गट परत लावावा लागतो. हात कुणी कधी सोडला यातच अर्धी शर्यत असते. म्होरकी धरणारा मुरलेला असला तर तो बैलाला आधी अर्धं पाऊल मागं घेतो, म्हणजे सुटताना पायाला रेटा मिळतो. नवखा नुसता लोंबकळतो, बैल मान वर करून सुटतो आणि पहिल्या पन्नास पावलांत मागं पडतो. हे निशाणाला उभं राहून कधीच कळणार नाही.

निशाणाच्या पुढचा भाग सगळ्यात धोक्याचा. बैल रेषेवर थांबत नाहीत. पुढं चांगलं दीडदोनशे मीटर मोकळं रान लागतं. पहिली गाडी पास झाली की पोरं तिच्या मागं पट्ट्यात उतरतात आणि तिसरी-चौथी गाडी त्यांच्या पाठीवर येते. अपघाताचं हे नेहमीचं कारण, बैल बुजणं त्याच्या खालोखाल. पुढचं रान मोकळं ठेवलेलं नसेल, तिथंच मोटारसायकली लावल्या असतील, तर लेकराबाळांना घेऊन त्या बाजूला फिरकू नका. निकालाचा वाद आता कॅमेऱ्यामुळं कमी झालाय, पण आघाडी बैलाच्या नाकाची धरायची का जुवाची, हे आधी जाहीर केलेलं नसेल तर चित्रण दाखवणारा पडदा असूनही भांडण ठरलेलं.

बैलाच्या खेळाला प्रेक्षकाची सोय कशी करतात हे बघायचं तर मेक्सिकोत अमेरिकेच्या सीमेवर बैलाशी माणसाच्या झुंजीची (बुलफाइटची) जी रिंगणं होती आणि काही अजून उभी आहेत, त्यांच्याशी तुलना करून बघावी. खेळ आपल्या पचनी पडणारा नाही, ते पुढं येईलच. पण व्यवस्था शिकण्यासारखी. सॅन दिएगोहून तिहुआना, एल पासोहून सिउदाद हुआरेस, लारेदोहून नुएवो लारेदो, अशी माणसं रविवारी दुपारी सीमा ओलांडून जायची. तिहुआनाचं समुद्राकाठचं मोठं रिंगण १९६० सालचं, सीमेच्या कुंपणाला जवळजवळ टेकलेलं. तिकिटं दोन जातींची: सावलीतली महाग, उन्हातली स्वस्त. आपल्याकडं ऊन फुकट आणि सावली स्टेजवरच्या पाहुण्यांना, एवढाच फरक. कार्यक्रमाला सहा बैल, तीन मॅटाडोर (बैलाशी झुंजणारे), प्रत्येकाला दोन. कुणाला कुठले दोन हे त्याच दिवशी दुपारी चिठ्ठ्या टाकून ठरतं. चिठ्ठ्यांचे बारके बोळे टोपीत टाकतात. प्रत्येक बैल आत यायच्या आधी त्याचं नाव, वजन आणि कुठल्या कळपातला हे फळीवर दिसतं. चार वर्षांखालचं जनावर पुऱ्या मॅटाडोरासमोर उतरवत नाहीत. त्याचा कार्यक्रम वेगळा, तिकीट कमी. आपल्या आदत आणि ओपन (दाताची अट नसलेल्या) मैदानासारखंच. वर एक पंच बसतो, रुमाल दाखवतो, तुतारी वाजते आणि खेळाचा पुढचा टप्पा सुरू होतो. हरकतीला जागा नाही.

तिथं जाणकार काय बघतो? मॅटाडोरच्या हातातल्या कापडाच्या लाल रंगाशी बैलाला देणंघेणं नसतं, तो हालचालीवर जातो. म्हणून जाणकाराची नजर कापडाच्या खालच्या काठावर असते, तो जमिनीला किती लागून फिरतो यावर. आणि वाऱ्यावर. समुद्राकडून वारा सुटला की कापड उचलतं, मॅटाडोरचं अंग उघडं पडतं, म्हणून कापड ओलं करून जड करतात. टेक्सासच्या पॅट्रिशिया मॅकॉर्मिकनं १९५१ साली हुआरेसमध्ये पहिल्यांदा बैलासमोर उभं राहून नाव काढलं आणि १९५४ साली सिउदाद आकुन्याच्या रिंगणात शिंग लागून ती मरता मरता वाचली. आज ते आकुन्याचं रिंगण बघायला जाता येणार नाही: कोआविला राज्यानं २०१५ साली हा खेळ बंद केला. त्याआधी २०१३ साली सोनोरानं, म्हणजे सीमेवरचं नोगालेसही गेलं. खुद्द मेक्सिको शहरानं मार्च २०२५ मध्ये बैल मारायला आणि धारदार हत्याराला मनाई केली. कारण उघड आहे. तिथं सहाही बैल त्याच दुपारी मरायचे. क्वचित एखादा इतका शूर निघायचा की लोक रुमाल हलवून त्याला जीवदान मागायचे आणि तो पैदाशीला परत जायचा. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या माणसाला ते तिकीट मी काढायला सांगणार नाही, सावलीतलं असलं तरी.

पण ती फळी आपल्या मैदानात हवी. आपल्याकडं बैलाचं नाव, मालकाचं गाव, दात हे सगळं समालोचक एका दमात ओरडतो आणि भोंग्याच्या खरखरीत निम्मं जातं. खडूनं लिहिलेला साधा फलक सुटण्याच्या जागी ठेवला तर काम भागेल. भोंगेही बैलांपासून लांब हवेत. बऱ्याच ठिकाणी कर्णा बरोबर सुटण्याच्या रेषेच्या डोक्यावर बांधलेला असतो, शेजारी हलगी, आणि मग कमिटी विचारते की बैल का बुजतात!

बाकी सोयी. सोलापूरचं ऊन काही नवं नाही, तरी मार्चनंतर मैदान गाठायचं तर टोपी आणि दोन लिटर पाणी जवळ ठेवा. पाण्याचा टँकर असतो तो बैलांसाठी आणि तसाच असावा. सकाळी पट्ट्याच्या पूर्वेला, दुपारनंतर पश्चिमेला उभं राहिलं की ऊन पाठीवर येतं. मात्र वाऱ्याची दिशा आधी बघा, नाहीतर सगळी धूळ तोंडावर. खायला भजी, वडापाव, उसाचा रस हमखास. थंडीतल्या मैदानाला आजूबाजूला हुरडा मिळतो, तो सोडू नका. घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली तर कशावर अवलंबून राहावं लागत नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह जवळजवळ कुठंच नसतं, आणि यासाठी कुठल्याही मैदानाचा एक अख्खा गुण कापलाच पाहिजे. बक्षिसाला मोटारसायकल, ट्रॅक्टर, चारचाकी लावणाऱ्यांना चार पत्र्याचे आडोसे परवडत नाहीत हे पटत नाही.

निघायचं ते असं की आठला तिथं असाल. एसटीनं जाणार असाल तर तालुक्याच्या गावापर्यंतच भरवसा, पुढं वडाप (सीटवर भाडं घेणारी जीप). स्वतःची गाडी असेल तर ती ढेकळाच्या रानात आत घालू नका, रस्त्याकडं तोंड करून कडेलाच लावा आणि सेमी संपताच निघा. फायनलनंतर ट्रॅक्टर, बैलांचे टेम्पो आणि मोटारसायकली एकाच पाणंदीला लागतात, आणि बैलांच्या टेम्पोला आधी वाट द्यावीच लागते.